प्रार्थनेत मन भरकटते तेव्हा : एकांतातील आणि घरच्या प्रार्थनेसाठी मार्गदर्शन

"हे आमच्या स्वर्गातील पित्या" असे म्हणून प्रार्थनेला बसावे आणि रोजच्या भाकरीची ओळ येईपर्यंत मन बाजारात, ऑफिसात किंवा कालच्या बोलाचालीत जाऊन बसलेले असावे, हा अनुभव जवळजवळ प्रत्येक विश्वासणाऱ्याला आहे. १८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले, तेव्हापासून या शहरात मराठीतून ख्रिस्ती प्रार्थना होत आली आहे. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या जेवणाआधी आणि निजण्याआधी प्रार्थना होते त्या घरांतली माणसे ही तक्रार करतात, आणि अलीकडे विश्वासात आलेली माणसेही तीच तक्रार करतात. तक्रार मोठ्याने कोणी बोलून दाखवत नाही, एवढेच. मग प्रत्येकाला वाटते की हे आपल्या एकट्याच्याच बाबतीत होते, आणि त्यातून कोणी "माझा विश्वासच कच्चा आहे" असे ठरवतो, तर कोणी "प्रार्थना हे पाळकसाहेबांचे काम, आपल्याला ते जमायचे नाही" असे म्हणून बाजूला होतो.

हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. प्रार्थनेवरील ज्यांचे लेखन आजही जगभर वाचले जाते त्या अविलाच्या संत तेरेसा (१५१५–१५८२) यांनी स्वतःविषयी लिहून ठेवले आहे की, कित्येक वर्षे प्रार्थनेचा तास कधी संपतो याकडेच त्यांचे लक्ष असे आणि कान घड्याळाच्या टोल्याकडे लागलेले असत. तेराव्या शतकातील ख्रिस्ती धर्मविचारवंत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नाचा शांतपणे विचार केला आहे. त्यांच्या मते प्रार्थनेतले लक्ष तीन ठिकाणी असू शकते : शब्द नीट उच्चारण्याकडे, शब्दांच्या अर्थाकडे, आणि ज्याच्याशी आपण बोलतो त्या देवाकडे. यांतले तिसरे सर्वांत महत्त्वाचे असून ते न शिकलेल्या माणसालाही साधते. मन नकळत भटकले म्हणून प्रार्थना वाया जात नाही, असे ते म्हणतात. मात्र प्रार्थनेतून मनाला जो विसावा मिळायचा, तो लक्ष असल्याशिवाय मिळत नाही, हेही ते तितक्याच स्पष्टपणे सांगतात. म्हणून अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही, पण उपाय करण्याचे कारण नक्कीच आहे.

पवित्र शास्त्रातल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात अब्रामाने देवाच्या आज्ञेप्रमाणे यज्ञपशू मांडून ठेवले, तेव्हा त्यांवर हिंस्र पक्षी येऊन बसू लागले आणि अब्राम त्यांना हाकलत राहिला (उत्पत्ती १५:११). पक्षी आले म्हणून त्याने अर्पण गुंडाळून ठेवले नाही आणि पक्ष्यांच्या मागे रानभर धावतही सुटला नाही. तो अर्पणाजवळच थांबला. पुढे जे सांगितले आहे ते सर्व या एका कृतीचाच विस्तार समजावा.

आधी आठवडाभर नुसती नोंद

पहिल्या आठवड्यात काहीही सुधारण्याचा प्रयत्न करू नये. नेहमीप्रमाणे प्रार्थना करावी आणि "आमेन" म्हटल्यावर, मन कुठे कुठे गेले होते ते एका लहान वहीत एकेका शब्दात टिपून ठेवावे. प्रार्थना चालू असताना लिहू नये, नाहीतर वहीच नवा अडथळा होते. समजा, एखाद्या गृहिणीच्या वहीत एका सकाळी एवढेच आहे :

"दूध उतू. पाणी आले का. फीचा हप्ता. पाठ. वहिनी. फीचा हप्ता. वहिनी."

या सात शब्दप्रयोगांत निदान चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. दूध आणि पाणी हा वेळेचा प्रश्न आहे. वेळ बदलली की तो मिटतो आणि त्यासाठी आत्मिक लढाई करण्याची गरज नाही. पाठ हा बसण्याच्या पद्धतीचा प्रश्न आहे. फीचा हप्ता ही खरी काळजी आहे, आणि ती प्रार्थनेत आणण्याचीच गोष्ट आहे. वहिनी मात्र यांपैकी कशातच बसत नाही, कारण तिथे कदाचित उठून जाऊन बोलावे लागेल. "माझे लक्ष लागत नाही" असे सरसकट म्हणत राहिलो तर हे चारही प्रश्न एकच वाटतात आणि मग एकच औषध चारही दुखण्यांवर लावले जाते, ते म्हणजे जास्त वेळ आणि जास्त जोराने प्रार्थना करणे. त्याने पाठ बरी होत नाही आणि वहिनीशी समेटही होत नाही.

वेळ, जागा आणि फोन

खोलीत जाऊन दार लावून घे आणि गुप्तवासी पित्याची प्रार्थना कर, असे प्रभूने सांगितले (मत्तय ६:६). लक्ष्मीपुरीत किंवा कसबा बावड्यात दोन खोल्यांत पाच-सहा माणसे राहत असतील, तर लावायला दार कुठून आणायचे, हा प्रश्न अगदी रास्त आहे. स्वतः प्रभू येशू मोठ्या पहाटे उठून घराबाहेर रानात जात असे (मार्क १:३५), हेही त्याच शुभवर्तमानांत आहे. तेव्हा गच्चीचा कठडा, अंगणातला कोपरा, सकाळी रंकाळ्याच्या काठाने चालण्याची अर्धी फेरी, आठवड्याच्या मधल्या दिवशी उघडे असेल तर चर्चमधले मागचे बाक, यांपैकी काहीही चालेल. ज्या घरात आपण एकटेच ख्रिस्ताला मानतो त्या घरात तर बाहेरची जागाच बहुधा बरी. तिथे प्रार्थनेवरून रोज वाद ओढवून घेतला, तर प्रार्थनेला बसताना मनात तो वादच असतो. जागा मात्र रोज तीच ठेवावी, कारण तिथे बसले की शरीरालाच आठवण होते.

वेळ ठरवताना पहाटे चारचा आग्रह धरू नये. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून आलेला माणूस, भल्या पहाटे धार काढून डेअरीला दूध घालणारे कुटुंब आणि मुलांचे डबे भरणारी आई यांची "पहाट" सारखी नसते. ज्या पंधरा मिनिटांत आपल्याला कोणी हाक मारणार नाही ती पंधरा मिनिटे शोधावीत, मग ती सकाळी अकराला असली तरी चालेल. घरच्यांना ती वेळ सांगून ठेवावी. पंधरा मिनिटे रोज झाली तर ती रविवारच्या दीड तासापेक्षा मन घडवायला अधिक उपयोगी पडतात, असे माझे ठाम मत आहे.

बाहेरच्या आवाजाचे काय करावे? गणेशोत्सवात किंवा शिवजयंतीला या शहरात शांतता शोधणे व्यर्थ आहे, आणि शेजाऱ्यांच्या सणाविषयी मनात कडवटपणा धरून प्रार्थनेला बसणे त्याहून वाईट आहे. त्या दिवसांत वेळ बदलावी, स्तोत्र ओठांनी पुटपुटत वाचावे, आणि आवाज येतोच आहे तर ज्यांचा आवाज येतो त्या गल्लीतल्या माणसांसाठी नावे घेऊन आशीर्वाद मागावा. आवाज तेवढाच राहतो, पण त्याच्याशी चाललेले आपले भांडण थांबते.

फोनविषयी मी कडक आहे. तो सायलेंट करून शेजारी ठेवणे पुरेसे नाही, दुसऱ्या खोलीत ठेवावा. पवित्र शास्त्र फोनवर वाचण्याची सोय प्रवासात चांगली आहे, पण रोजच्या प्रार्थनेला छापील प्रत वापरावी, कारण फोनवर स्तोत्र उघडताना वरच्या पट्टीत आलेला निरोप आपण न वाचता सोडत नाही. घरात आजारी माणूस असेल किंवा कामावरून तातडीचे बोलावणे येण्याची शक्यता असेल, तर तेवढ्या नंबरची रिंग चालू ठेवून बाकी सर्व बंद करावे.

पावसाळ्यातला एक प्रसंग कोल्हापूरकरांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस लागून राहिला की राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी किती झाली, हे दर तासाला पाहिले जाते. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, आणि २०१९ व २०२१ चा महापूर ज्यांच्या घरात शिरला त्यांच्यासाठी हा आकडा म्हणजे रिकामी उत्सुकता नव्हे. अशा दिवसांत "प्रार्थनेत पुराचा विचार करायचा नाही" असे ठरवणे चुकीचे आहे. प्रार्थनेला बसण्याआधी आकडा पाहून घ्यावा, फोन ठेवून द्यावा, आणि तोच आकडा देवापुढे बोलावा : प्रभो, पाणी एवढ्या फुटांवर आहे, खालच्या गल्लीत अमक्याचे घर आहे, तमक्याची जनावरे आहेत. प्रार्थना झाल्यावर पुन्हा आकडा पाहावा आणि सामान वर चढवायचे असेल तर चढवावे.

शरीर

गुडघे टेकणे ही सुंदर पद्धत आहे, पण गुडघ्यांत कळ येत असेल तर सगळे लक्ष गुडघ्यांतच राहते. अशा वेळी पाठीला आधार असलेल्या खुर्चीत बसावे किंवा उभे राहावे. डोळे मिटलेच पाहिजेत असेही नाही. प्रभूने लाजराच्या कबरेपाशी डोळे वर करून प्रार्थना केली (योहान ११:४१). डोळे मिटले की ज्यांच्या मनात चित्रे धावू लागतात त्यांनी उघड्या पवित्र शास्त्रावर नजर ठेवावी. झोप येत असेल तर मोठ्याने बोलावे, चालावे, तोंडावर पाणी मारावे. एवढे करूनही रोजच डोळा लागत असेल तर झोप कमी पडते आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे. थकून मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही, खायला दिले आणि पुन्हा निजू दिले (१ राजे १९:५–८).

पहिली दोन मिनिटे

बहुतेकांचे मन भटकते ते सुरुवातीलाच, कारण हातातले काम टाकून आपण थेट मागण्यांवर येतो. बसल्यावर आधी थोडे थांबावे, श्वास संथ होऊ द्यावा, आणि आपण कोणापुढे आलो आहोत ते एका वाक्यात मोठ्याने म्हणावे : "प्रभो, तू येथे आहेस आणि मी तुझ्यापुढे आलो आहे." मग एखाद्या स्तोत्राच्या चार-पाच ओळी कानाला ऐकू येतील अशा वाचाव्यात. पाठ असलेले एखादे उपासनागीत गुणगुणले तरी चालेल, पण प्रार्थनेच्या मागे यंत्रावर संगीत लावून ठेवू नये. त्याने मन भारावते आणि लक्ष आहे असा भास होतो, परंतु ते लक्ष बहुधा चालीकडे असते.

वाक्यावाक्याने प्रार्थना

सोळाव्या शतकातील धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांच्या ओळखीचा पीटर नावाचा एक न्हावी होता. प्रार्थना कशी करावी, असे त्याने विचारले तेव्हा ल्यूथर यांनी १५३५ साली त्याच्यासाठी एक छोटी पुस्तिका लिहिली. चांगल्या न्हाव्याचे लक्ष वस्तऱ्यावर आणि केसांवर असते, तो गप्पांत रमला तर गिऱ्हाइकाचे नाक किंवा गळा कापेल, मग प्रार्थनेला तर किती अधिक लक्ष हवे, असे त्यांनी त्याच्याच धंद्यातले उदाहरण देऊन समजावले. त्यांनी सांगितलेली पद्धत अशी की, प्रभूच्या प्रार्थनेतली (म्हणजे येशूने शिकवलेल्या "हे आमच्या स्वर्गातील पित्या" या प्रार्थनेतली) एकेक विनंती घ्यावी, तिच्यावर थांबावे आणि ती आपल्या शब्दांत वाढवावी. मन भटकणाऱ्या माणसासाठी याहून उपयोगी पद्धत मला माहीत नाही, म्हणून ती उदाहरणासह देतो.

"तुझे नाव पवित्र मानले जावो" येथे थांबावे. माझ्या दुकानात, माझ्या वर्गात, आज माझ्या बोलण्यामुळे तुझ्या नावाला कमीपणा येऊ नये, असे म्हणावे. "तुझे राज्य येवो" येथे ज्या घरात भांडण आहे, ज्या मंडळीत फूट आहे, त्यांची नावे घ्यावीत. "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे" या विनंतीत त्या गृहिणीच्या फीचा हप्ता बसतो, शेतकऱ्याचे उसाचे बिल बसते, नोकरी शोधणाऱ्या मुलाची मुलाखत बसते. ज्या विचारांना आपण मघाशी अडथळा म्हणत होतो त्यांतले निम्मे या एका ओळीत घरी पोहोचतात. "आम्ही आपल्या ऋण्यांस सोडले आहे" येथे घाई करू नये, कारण वहीत ज्या माणसाचे नाव सारखे येते ते नाव येथे घ्यावे लागते. एका ओळीवर मन भरून आले तर तिथेच राहावे. उरलेल्या ओळी राहिल्या म्हणून काही बिघडत नाही, असे ल्यूथर यांनीही सांगितले आहे. रोज सर्व विनंत्या पूर्ण करण्याचा हिशेब ठेवला की पुन्हा पाठांतर सुरू होते.

मन गेल्याचे लक्षात येते त्या क्षणी

जॉन कॅसियन या ख्रिस्ती संन्याशांनी इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या तपस्व्यांशी झालेली संभाषणे पाचव्या शतकात लिहून ठेवली. त्यांत नेमकी हीच तक्रार आहे : मन एका स्तोत्रावरून दुसऱ्यावर उडी मारते, कशावरच टिकत नाही. त्या तपस्व्यांतले एक, आबा इसहाक, यांनी त्यावर दिलेले उत्तर म्हणजे सत्तराव्या स्तोत्राचे पहिले वचन, ज्यात देवाने साहाय्यासाठी त्वरा करावी अशी हाक आहे. ते वचन सुखात, दुःखात, कामात, झोपेआधी, सतत जवळ ठेवावे असे ते सांगतात.

आपणही असे एक छोटे वचन किंवा हाक निवडून ठेवावी. "प्रभू येशू, माझ्यावर दया कर" ही पाच शब्दांची हाकही पुष्कळ आहे. मन गेल्याचे ध्यानात आले की ती हाक एकदा म्हणावी आणि जिथे सुटले होते तिथून पुढे सुरू करावे. मधल्या वेळेत कुठून कुठे गेलो याचा माग काढू नये, स्वतःला बोल लावू नये, आणि प्रार्थना पहिल्यापासून पुन्हा सुरू करू नये. स्वतःवर चिडणे हेही भरकटणेच आहे, कारण त्या वेळी आपण देवाकडे पाहत नसून स्वतःकडे पाहत असतो. पंधरा मिनिटांत वीस वेळा परतावे लागले तर वीस वेळा देवाला हाक मारली गेली.

घाणेरडे किंवा देवनिंदेचे विचार आले तर त्यांच्याशी वाद घालू नये. हाक मारावी आणि पुढे जावे. प्रत्येक भटका विचार सैतानाने पाठवला असे मानण्याची सवयही मला घातक वाटते. शत्रूविषयी सावध राहायला पेत्र सांगतो खरे (१ पेत्र ५:८), पण त्याच्याच आधल्या वचनात तो आपली सर्व चिंता देवावर टाकायला सांगतो, आणि आपल्या मनात येते ते बहुतेक वेळा चिंतेतूनच येते.

तोच विचार पुन्हा पुन्हा येतो तेव्हा

आठवडाभराच्या वहीत एकच गोष्ट वारंवार दिसत असेल तर तिला हाकलणे थांबवावे आणि ती काय आहे ते पाहावे. ती करायचे काम असेल, उदाहरणार्थ लाइट बिल, तर जवळ ठेवलेल्या चिठ्ठीवर प्रार्थनेला बसण्याआधीच लिहून ठेवावी. विसरण्याची भीती गेली की मन सैल होते. ती काळजी असेल तर तिला नाव देऊन, मोघम न ठेवता, रक्कम, तारीख आणि माणूस यांसह देवापुढे बोलावी. येशूच्या पाहुणचाराच्या कामात गुंतून गेलेल्या मार्थेला प्रभूने रागावून घालवून दिले नाही. तिची दगदग त्याने तिच्या नावाने हाक मारून तिला दाखवून दिली (लूक १०:४१).

ते माणूस असेल तर मात्र गोष्ट वेगळी. वेदीपुढे अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी जाऊन समेट कर, असे प्रभूने सांगितले (मत्तय ५:२३–२४). ही आठवण उपासनेच्या ऐन वेळी होते, हे लक्षात घ्यावे. त्या आठवणीला प्रभू अडथळा म्हणत नाही, तिच्याप्रमाणे वागायला सांगतो. बांधावरून झालेला वाद, वडिलार्जित घराची वाटणी, लग्नात झालेला मानापमान, अशा गोष्टींनी आपल्याकडे सख्खे भाऊ वर्षानुवर्षे बोलत नाहीत, आणि त्यांतला एक प्रार्थनेला बसला की दुसरा डोळ्यांसमोर येतो. येथे एकाग्रतेची कोणतीही युक्ती चालणार नाही. त्याच दिवशी फोन करावा, निदान तब्येतीची चौकशी करावी. वादाचा निकाल पहिल्याच बोलण्यात लागणार नाही आणि समोरचा बोलेलच असेही नाही. आपल्याकडून होईल तेवढे करावे (रोम १२:१८). जिथे मारहाण किंवा छळ झालेला आहे तिथे एकट्याने परत जाण्याची सक्ती या वचनातून कोणी काढू नये. तिथे आधी सुरक्षितता आणि विश्वासू माणसाचा सल्ला.

घरसभेत आणि उपासनेत

दुसरा कोणी प्रार्थना करत असताना, आपली पाळी आल्यावर काय म्हणायचे याची जुळवाजुळव मनात चालू होते. ती टाळायची असेल तर समोरच्याच्या प्रत्येक विनंतीला मनातल्या मनात "आमेन" म्हणावे आणि ज्याचे नाव घेतले जाते त्याचा चेहरा आठवावा. आपली पाळी आली की दोनच वाक्ये बोलली तरी पुरे. जे घरसभा चालवतात त्यांनी लांबलेल्या प्रार्थना आवरायला प्रेमाने सांगावे, कारण एकाच्या वीस मिनिटांत बाकीच्यांची मने बाहेरच्या चपलांपर्यंत जाऊन येतात. रविवारी उपासनेत पुढच्या बाकावर बसावे. लहान मुले घेऊन येणाऱ्या आईबापांनी पाळी लावून घ्यावी, एका रविवारी एकाने मूल सांभाळावे आणि दुसऱ्याने निवांत प्रभुभोजन घ्यावे. पोर रडले म्हणून मागे वळून पाहणाऱ्यांनी आपले लक्ष कोणी मोडले याचा विचार करण्याऐवजी त्या आईसाठी तेवढ्यात प्रार्थना करावी.

पाळक आणि डॉक्टर

हे सर्व महिना-दोन महिने करूनही प्रार्थना कोरडीच वाटत असेल, तर पाळकांशी किंवा मंडळीतल्या एखाद्या मुरलेल्या व्यक्तीशी बोलावे आणि त्यांच्याबरोबर बसून काही दिवस प्रार्थना करावी. मात्र लक्ष केवळ प्रार्थनेत नव्हे तर कामात, वाचनात, जेवतानाही लागत नसेल, झोप उडाली असेल, दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खिन्न असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. काहींना प्रार्थनेतला एखादा शब्द नीट उच्चारला गेला नाही, मन शुद्ध नव्हते, असे वाटून तीच प्रार्थना पुन्हा पुन्हा, तासन्‌तास म्हणावीशी वाटते आणि थांबले की भीती दाटते. याला भक्ती समजून उत्तेजन देऊ नये. हा मनाचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. अशा माणसाला मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जावे, आणि तो दवाखान्यात बसलेला असताना बाहेर थांबून त्याच्यासाठी मंडळीने प्रार्थना करावी.